कंप्रेसर, मर्फी रेडिओ आणि दीड सेकंद

गेल्या शनिवारी हिंगोलीला मामाकडे गेलो होतो. सोबत गिटार, सोल्डरिंग आयर्न आणि एक बिघडलेलं कंप्रेसर पेडल. बिघडवलं मीच, बरं का!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तार जोरात छेडली की कंप्रेसर आवाज दाबतो, आणि सूर विरायला लागला की त्याला उचलून धरतो. माझं पेडल डायना कॉम्पच्या सर्किटवर बेतलेलं आहे. हे मूळ यंत्र अमेरिकेत रॉचेस्टरच्या एमएक्सआर कंपनीने 1970च्या दशकात आणलं. आत आरसीएची सीए3080 चिप, बाहेर दोनच नॉब. त्याच दशकात कॅन्ससच्या रॉस कंपनीचा राखाडी कंप्रेसर आला. आज जुन्या रॉससाठी लोक वाटेल ती किंमत मोजतात. गंमत म्हणजे दोन्हींचे सर्किट डायग्राम शेजारी ठेवले तर फरक मोजक्या पार्ट्सचा! पुढे ओक्लाहोमाच्या रॉबर्ट कीलीने याच घराण्यातला कंप्रेसर बनवून नाव कमावलं.

माझी तक्रार साधी होती. भरभर कॉर्ड वाजवले की दुसरा-तिसरा फटका मेल्यासारखा यायचा. यावरचा प्रसिद्ध उपाय म्हणजे 150 किलोओहमचा एक रेझिस्टर काढून तिथे पॉट बसवायचा आणि त्याला 'अटॅक' म्हणायचं. बसवला, आणि पार शेवटपर्यंत फिरवला. झालं! जाडी तार घोगरी वाजायला लागली आणि दोन फटक्यांच्या मधे खरखर उसळी मारायची.

मामा बरीच वर्षं रेडिओ दुरुस्त करायचे. कागदावरचं सर्किट चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "हे काय करायलास रे? ही तर एव्हीसी हाय!"

एव्हीसी म्हणजे ऑटोमॅटिक व्हॉल्यूम कंट्रोल. जवळचं स्टेशन कानठळ्या बसवतं आणि लांबचं ऐकूच येत नाही, यावर हॅरॉल्ड व्हीलर नावाच्या पोरसवदा अमेरिकन इंजिनिअरने 1925-26च्या सुमारास काढलेला तोडगा. सिग्नल मोजायचा, ती मोजणी एका कंडेन्सरवर साठवायची आणि तिच्यावरून गेन कमी-जास्त करायचा. (तेव्हा तो माझ्याहून लहान होता. असो.) रेडिओत मोजतात ती स्टेशनची ताकद, पेडलमधे तारेची. कल्पना तीच.

मामांनी नळाच्या भाषेत समजावलं. दहा मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर म्हणजे हौद. हौद भरलेला, म्हणजे गेन पूर्ण. तार जोरात वाजली की ट्रान्झिस्टर बूच काढतात आणि हौद झटकन उतरतो. हा खरा अटॅक. 150 किलोओहम ही तो परत भरणारी बारीक पाइपलाइन. गुणाकार केला: दीड सेकंद! म्हणजे आपल्याकडे नळ येण्याच्या मानाने फारच लवकर :-) पण पुढच्या कॉर्डसाठी फार उशीर. लोक ज्याला अटॅक म्हणतात तो नॉब खरं तर रिलीज आहे.

मग तो कमीत कमी का ठेवू नये? पाइप फार मोठा केला तर हौद जाड्या तारेच्या प्रत्येक कंपनाबरोबर भरतो-उतरतो आणि गेन त्या लाटेच्या मागे धावतो. तोच घोगरेपणा. "मर्फीत चुकून छोटा कंडेन्सर पडला की गाण्यातला ठेका पातळ व्हायचा," मामा म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणायचं स्पीकर गेला. स्पीकर बदलून पैसे घेणारेबी होते."

तुम्ही? मी विचारलं. मामा नुसतेच हसले.

शेवटी पॉट काढला आणि त्यांच्या डब्यातला 47 किलोओहमचा रेझिस्टर लावला. जवळपास अर्धा सेकंद. जाडी तार स्वच्छ, आणि दुसरा फटका पहिल्याच्या बरोबरीने. खरखर आहेच; आवाज उचलणारं यंत्र खरखरही उचलणारच. रिकाम्या भोकावर सध्या सेलोटेप आहे, आणि बाजूचं 'अटॅक' हे अक्षर मामांनी ब्लेडने खरवडून टाकलंय.