संकेतवाहक लिपिडांचे द्रव्यमान वर्णपटमापन

पेशीला मिळालेला संदेश पुढे नेणाऱ्या लिपिड रेणूंची ओळख व प्रमाण त्यांच्या आयनांच्या वस्तुमानावरून ठरविण्याची पद्धत. डायअसिलग्लिसरॉल, सेरामाइड, स्फिंगोसीन-१-फॉस्फेट, फॉस्फोइनोसिटाइडे व प्रोस्टाग्लँडिने ही प्रमुख संकेतवाहक लिपिडे होत. पेशीपटलाच्या मुख्य लिपिडांच्या तुलनेत ती अत्यल्प असतात आणि लवकर बदलतात. त्यामुळे मापनाची विश्वसनीयता यंत्राइतकीच नमुन्याच्या हाताळणीवर अवलंबून असते.

नमुना : ऊतक काढताच द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवतात, अन्यथा एंझाइमांची क्रिया चालू राहून प्रमाण बदलते. रक्त साकळताना बिंबिकांतून स्फिंगोसीन-१-फॉस्फेट बाहेर पडते, म्हणून रक्तरसात ते रक्तद्रवापेक्षा अधिक आढळते. लिपिडे वेगळी करण्यासाठी क्लोरोफॉर्म व मिथेनॉल यांचे मिश्रण वापरतात. फोल्च (१९५७) आणि ब्लाय व डायर (१९५९) यांच्या पद्धती त्यासाठी रूढ आहेत. तीव्र विद्युत्‌भार असलेली फॉस्फोइनोसिटाइडे कार्बनी थरात आणण्यासाठी मिश्रण आम्लयुक्त करावे लागते.

अंतर्गत मानक : निष्कर्षणापूर्वीच ड्यूटेरियमयुक्त तोच रेणू ज्ञात प्रमाणात मिसळतात. पुढील प्रत्येक टप्प्यावरील घट दोघांनाही सारखीच लागू होत असल्याने त्यांच्या संकेतांच्या गुणोत्तरावरून मूळ प्रमाण काढता येते. सॅम्युएल्सन व सहकाऱ्यांनी १९७० मध्ये प्रोस्टाग्लँडिनासाठी हे तत्त्व वापरले.

मापन : द्रवातील रेणू न मोडता त्यांचे आयन करणाऱ्या विद्युत्‌फवारा पद्धतीबद्दल जॉन फेन यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्रिचतुर्ध्रुवी यंत्रातील पहिला भाग ठरावीक आयन निवडतो, दुसऱ्यात वायूशी टक्कर होऊन तो फुटतो आणि तिसरा ठरावीक तुकडाच पुढे सोडतो. स्फिंगोसीन-१-फॉस्फेटासाठी ३८० वस्तुमानाच्या आयनापासून मिळणारा २६४ चा तुकडा मोजतात.

मर्यादा : प्रोस्टाग्लँडीन ई२ व डी२ यांचे वस्तुमान एकच असून त्यांचे तुकडेही बव्हंशी सारखेच असतात, म्हणून आधी द्रव वर्णलेखनाने त्यांना अलग करावे लागते. फॉस्फोइनोसिटाइडांत फॉस्फेट गटांची जागा केवळ वस्तुमानावरून कळत नाही. त्यांच्या फॉस्फेट गटांचे मिथिलीकरण केल्यास भार नाहीसा होऊन संवेदनक्षमता वाढते. निष्कर्षणात पेशीची रचना मोडत असल्याने लिपिड कोणत्या पटलावर होते हे समजत नाही. त्यासाठी प्रतिदीप्त प्रथिने वापरून सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशींचे निरीक्षण करतात.