किबोर्ड, गोधडी आणि हुंडेकरी

२०२४ च्या दिवाळीच्या आगेमागे माझ्या दारात दोन खोकी आली. एक ओहायोतून, म्हणजे मी राहते त्या ऑन्टॅरिओतल्या गावापासून साधारण पाचशे किलोमीटरवरून. दुसरं साताऱ्याहून. साताऱ्याच्या खोक्यात आईने शिवलेली गोधडी, कांदा-लसूण मसाला आणि शेंगदाण्याची चटणी होती. ते आलं, मी सही केली, संपलं. ओहायोच्या खोक्यात मी ऑनलाइन मागवलेला किबोर्ड होता. त्याचे पैसे, पाठवणावळीसकट, मी तीन आठवड्यांपूर्वीच भरलेले. तरी कुरियरवाल्याने खोकं माझ्या हातात ठेवायच्या आधी कार्डाचं मशीन पुढे केलं.

पावती अशी होती : किबोर्डाची किंमत १४० कॅनेडियन डॉलर. त्यावर १३ टक्के विक्रीकर, १८ डॉलर २० सेंट. इथवर ठीक. त्याखाली ब्रोकरेज, ३५ डॉलर. त्याखाली तो कर आमच्या वतीने आगाऊ भरल्याबद्दल ७ डॉलर. आणि या दोन्ही सेवांवर पुन्हा १३ टक्के कर. एकूण ६५ डॉलर ६६ सेंट. म्हणजे सरकारला माझ्या किबोर्डावर मिळणार अठरा डॉलर आणि ते सरकारपर्यंत पोचवण्याचा खर्च सत्तेचाळीस. मी दारात उभी राहून चिडले, पैसे भरले, आणि आत येऊन तो किबोर्ड दोन दिवस उघडलासुद्धा नाही. किबोर्डाचा काय दोष, पण असं होतं.

कॅनडात राहणाऱ्या कुणालाही हा किस्सा सांगितला की तो स्वतःचा त्याहून भारी किस्सा सांगतो. चिडण्यात सगळ्यांचं एकमत असतं. मला मात्र त्या ‘ब्रोकरेज’ शब्दाने धरून ठेवलं. ब्रोकर म्हणजे दलाल. माझा दलाल? मी कधी नेमला? मी आयुष्यात कधी दलाल नेमलेला नाही, भाड्याची खोलीसुद्धा मित्रांच्या ओळखीने मिळालेली. या माणसाला माझ्या वतीने सरकारशी बोलायला कोणी सांगितलं?

इतिहास हा माझा छंद आहे, शिक्षण नव्हे, शिक्षण कॉम्प्युटरचं. त्यामुळे उत्तर शोधताना मी कस्टम्सच्या नियमावलीऐवजी पेशवाईत जाऊन पोचले हे माझ्या ओळखीच्या लोकांना नवल वाटणार नाही.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबद्दल एक अहवाल लिहिला. तो तेव्हा दख्खनचा कमिशनर होता, आणि आधीचा कारभार कसा चालायचा हे वरिष्ठांना कळवणं हे त्याचं काम. त्यात जकातीचा भाग थोडकाच आहे. जकात बैलाच्या ओझ्यावर, मालाच्या जातीप्रमाणे कमी-जास्त घेत. घोटाळा असा, की ती एकदाच द्यायची नव्हती. प्रत्येक परगण्याची जकात वेगळी, तिचा मक्ता वेगळ्या माणसाकडे, त्याच्या चौक्या वेगळ्या. वऱ्हाडातला कापूस कोकणच्या बंदरावर न्यायचा तर वाटेत किती ठिकाणी बैल थांबवायचे, किती मक्तेदारांच्या कारकुनांशी घासाघीस करायची, याचा विचार करून बघा. दर काय असेल हे घरून निघताना कळायचं नाही, चौकीवरच कळणार.

आणि मग एल्फिन्स्टन सांगतो, की ही अडचण सोडवणारे लोक बहुतेक गावांत होते. ठरावीक रकमेत ते तुमचा माल अख्ख्या मुलखातून पार करून देत. मक्तेदारांशी त्यांचं आधीच ठरलेलं असे, आणि मक्तेदारांच्या पैशाला ते जबाबदार असत. या लोकांचं नाव हुंडेकरी.

मी ते वाचलं आणि खुर्चीत मागे रेलले. माझ्या इंजिनिअरिंगच्या वर्गात एक हुंडेकरी होता. चार वर्षं हजेरीत ते नाव ऐकलं. हुंड्याशी त्याचा काहीतरी संबंध असणार असं समजून आम्ही त्याला जे चिडवायचं ते चिडवलं. संबंध आहेही, पण लग्नाच्या हुंड्याशी नाही. हुंडा म्हणजे इथे ठोक बोली. ‘हुंडाभाडे’ असा एक जोडशब्द होता : असं भाडं, ज्यात वाटेतल्या सगळ्या जकाती धरलेल्या आहेत. बैलाचं भाडं वेगळं आणि जकात वेगळी, असा हिशोब नाही. एक रक्कम, माल हलायच्या आधी ठरलेली. वाटेत एखाद्या चौकीने जास्त मागितलं तर ते हुंडेकऱ्याच्या उरावर.

आजच्या व्यापारात याला तीन अक्षरी नाव आहे. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने १९३६ पासून मालाच्या पोचवणुकीच्या अटींची एक संहिता चालवली आहे. तिच्यात ‘डीडीपी’ म्हणजे जकात भरून, दारात पोच. तिचं भावंड होतं ‘डीडीयू’ : दारात पोच, पण जकात न भरता, ती घेणाऱ्याने भरायची. २०१० च्या आवृत्तीत ते दुसरं नाव काढून टाकलं, पण प्रकार काही गेला नाही, दुसऱ्या नावाने चालूच आहे. माझा किबोर्ड या दुसऱ्या जातीचा होता. विकणाऱ्याच्या पानावर तसं बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं, हे मला मागाहून दिसलं.

आता इथे एक गोष्ट वेगळी करायला हवी, कारण चिडताना आपण तिचा काला करतो. जकात आणि दलाली या दोन गोष्टी आहेत. जकात हा राज्याचा निर्णय असतो, बरा किंवा वाईट. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला, नरहरी आनंदरावाला, मिठाबद्दल लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. बारदेशचं, म्हणजे पोर्तुगीजांच्या गोव्यातलं मीठ स्वस्त पडत होतं आणि त्यापुढे संगमेश्वरच्या मिठाला गिऱ्हाईक उरेना. महाराजांनी बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितली, ते संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडावं म्हणून. यात लपवाछपवी काही नाही. माझ्या अठरा डॉलरबद्दलही माझी तक्रार नाही. तोच किबोर्ड इथल्या दुकानात घेतला असता तरी तेवढा कर पडलाच असता.

दलाली ही जकात भरण्याच्या कटकटीची किंमत. आणि ती कटकट खरी आहे. पुढच्या वेळी मी तीही करून पाहिली. कॅनडात सामान्य माणसाला आपला माल स्वतः सोडवता येतो. कुरियर कंपनीकडून कागद मागून घ्यायचे, सीमाशुल्काच्या कार्यालयात जायचं, कर भरायचा, शिक्का मारून घ्यायचा आणि तो कागद कंपनीला दाखवून खोकं घ्यायचं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. फोनवर कंपनीच्या माणसाला दलाल नको हे पटवायला चाळीस मिनिटं गेली. त्याने असा गिऱ्हाईक बहुधा पहिल्यांदाच पाहिला होता. कार्यालयातल्या बाईंनी मात्र पाच मिनिटांत काम केलं, वर ‘किबोर्डाला एवढे पैसे?’ असं विचारलं. दलालीचे पैसे वाचले. माझ्या अर्ध्या दिवसाचा पगार त्याहून जास्त होता. तेव्हा दलाल फुकट खातो असं मी म्हणणार नाही.

गंमत म्हणजे कुरियरचा धंदा जन्मालाच या कटकटीतून आला. १९६९ मध्ये डीएचएल सुरू झाली (माझ्या किबोर्डाशी तिचा काही संबंध नाही) ती सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलूला कागद नेण्यासाठी. जहाज बंदरात लागेपर्यंत मालाचे कागद आले नाहीत तर ते सोडवणं खोळंबायचं; विमानाने कागद आधी पोचवले की जहाज यायच्या आत कस्टम्सचं काम सुरू करता येई. माल नंतर, आधी कागद. खोकी पोचवणं हे पुढे जडलेलं काम.

पोस्टाचं तसं नव्हतं. पोस्ट सरकारचं, सीमाशुल्क सरकारचं. पोस्टाने आलेलं खोकं सरकारी माणूसच बघतो, कर लागला तर लिहितो, आणि कॅनडात पोस्ट त्याचे ९ डॉलर ९५ सेंट हाताळणी म्हणून घेतं. शिवाय लहानसहान खोक्यांना माफीची मर्यादा असते, कारण दोन डॉलर गोळा करायला दहा डॉलर खर्च करणं कोणालाच परवडत नाही. इथे ती वर्षानुवर्षं २० डॉलर होती. १ जुलै २०२० पासून, नव्या त्रिदेशीय करारामुळे, अमेरिका आणि मेक्सिकोतून कुरियरने येणाऱ्या मालाला कर ४० डॉलरपर्यंत माफ झाला आणि जकात १५० पर्यंत. अमेरिकेने ही कल्पना १९३८ मध्ये कायद्यात आणली, एका डॉलरपासून सुरुवात करून. २०१६ पर्यंत ती ८०० वर गेली आणि २९ ऑगस्ट २०२५ ला एकदम शून्य झाली. त्याच्या चार दिवस आधी भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं. ऑक्टोबरात ती पुन्हा सुरू झाली, पण तोवर न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीच्या फराळाचं जे व्हायचं ते झालं होतं. भारताने तर डिसेंबर २०१९ मध्येच ‘भेट’ म्हणून परदेशातून येणाऱ्या वस्तूंची सवलत काढली. औषधं ठेवली, आणि राखी. राखी ठेवली, पण तिच्यासोबतची ओवाळणी नाही, असं त्या सूचनेत खरंच स्पष्ट केलेलं आहे.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात मुलखातल्या वाटेवरच्या जकाती १८३८ च्या कायद्याने गेल्या. वाटेवरच्या चौक्या गेल्या, तसं हुंडेकऱ्याचं चौक्या पार करून देण्याचं कामही गेलं. जकात शब्द शहरांच्या नाक्यांवर मात्र राहिला, मुंबईत थेट १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत. मुलुंडच्या नाक्यावर ट्रकच्या रांगेत अडकलेली आमची एसटी मला आठवते. तिथेही एजंट होते, ट्रकवाल्याचे कागद घेऊन खिडकीशी धावणारे.

तर दलाल कायमच होता. मग मला त्या दारात एवढं काय झोंबलं? पेशवाईतला व्यापारी गावात चार हुंडेकऱ्यांना भाव विचारू शकत होता. महाग वाटला तर दुसरा गाठायचा, नाहीतर स्वतः बैलांबरोबर जायचं. माझ्या किबोर्डाच्या बाबतीत कुरियर निवडला ओहायोच्या दुकानदाराने. त्याने पाहिली फक्त पाठवणावळ, जी त्याला स्वस्त हवी होती. कुरियर कंपनीने ती स्वस्त दिली. दलाली भरणारी मी, आणि मी कुठल्याच वाटाघाटीत नव्हते. माल हलल्यानंतर, सीमा ओलांडल्यानंतर, माझ्या दाराशी आल्यानंतर मला भाव सांगितला, जेव्हा माझ्याकडे ‘नको’ म्हणण्याखेरीज दुसरा पर्यायच नव्हता. निवडणारा एक आणि भरणारा दुसरा असला की भाव असेच होतात. हे आम्ही प्रोग्रामर लोक एकमेकांच्या सर्व्हरची बिलं फुगवतो तेव्हाही बघतोच.

हे सगळं डोक्यात घोळत असताना मी आईला फोन करून विचारलं, की गोधडी पाठवायला किती घेतले? तिने सांगितलं, पोवई नाक्याजवळचा तो एजंट किलोमागे घेतो. जकात वगैरे? “तो म्हणाला, ताई, दारात पोचेपर्यंत सगळं माझ्याकडे. वर एक रुपया लागला तर मला फोन करा.”

मला हसू आलं. दोनशे वर्षांनी साताऱ्यात हुंडाभाडं चालू होतं. पण मी जरा जास्तच भारावले होते, कारण नंतर लक्षात आलं की त्याच्या हमीची परीक्षाच झाली नव्हती. कॅनडात भेट म्हणून आलेल्या ६० डॉलरपर्यंतच्या खोक्याला काहीच लागत नाही. त्याच्या फॉर्मवर किती किंमत लिहिली होती? आईला माहीत नव्हतं. “तो त्याच्या मनाने लिहितो. सगळ्यांचं तेच लिहितो.” चौकीवरच्या मक्तेदाराशी हुंडेकऱ्याचं ‘आधीच ठरलेलं’ असे म्हणजे नेमकं काय असे, याचा थोडा अंदाज मला तेव्हा आला.

यंदा मी तिला सांगितलं, की किंमत तू स्वतः लिही, खरी. तिने एजंटच्या दुकानातूनच फोन लावला. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते.

“अगं, गोधडीची किंमत काय लिहायची म्हणतोय.”

“तुला काय वाटते?”

“जुन्या साड्यांची आहे. आजीचं नऊवारी आहे एक त्यात.” मग तिने फोन बाजूला धरून त्याला काहीतरी विचारलं. “तो म्हणतोय, कापसाची का सुताची तेवढं सांगा, किंमत मी बघतो.”