अण्णांच्या पाच गाड्या आणि त्यांचा इतिहास



गेल्या वर्षी आम्ही अण्णांच्या जुन्या मोटारी विकल्या. सांगलीत आमच्या हळदीच्या गोडाऊनमागच्या शेडमध्ये अशा पाच गाड्या होत्या. अण्णांनी चाळीस वर्षांत त्या एकेक करून जमवल्या आणि स्वतः पाने-पकडी हातात घेऊन चालत्या ठेवल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, पण डोके अगदी लख्ख आहे. दिवसा एक मदतनीस, रात्री एक, आठवड्यातून चार दिवस फिजिओथेरपी, शिवाय औषधे. महिन्याचा खर्च पन्नास हजारांच्या पुढे जाऊ लागला आणि ठेवी वितळू लागल्या.

नातेवाइकांत दोन तट पडले. काहींचे म्हणणे, "वडील हयात असताना त्यांच्या डोळ्यांदेखत विकता?" काहींचे म्हणणे, "भंगार आहे, एकदम देऊन टाका." एका दलालाने पाचही गाड्यांचा मिळून उक्ता भाव सांगितला, तो जवळजवळ लोखंडाचाच होता. मला दोन्ही पटेना. मी एक दोनशेपानी वही घेतली आणि रोज दुपारी अर्धा तास अण्णांच्या पलंगाशेजारी बसू लागले. एका गाडीला एक आठवडा. त्या वहीत जे जमले त्यातले थोडे आज सांगते, कारण जुन्या गाडीला भाव मिळतो तो तिच्या इतिहासाला, आणि तो इतिहास बहुतेक घरांत एकाच माणसाला ठाऊक असतो.

पहिली गाडी डॉज किंग्जवे, १९५४ची. नाव अमेरिकन, पण गाडी मुंबईत कुर्ल्याला तयार झालेली. हा कारखाना उभारणारे वालचंद हिराचंद म्हणजे सोलापूरच्या जैन घराण्यातले. जन्म १८८२चा. सांगलीच्या वालचंद कॉलेजमुळे नाव आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. १९४७ साली सुरू झालेल्या या कॉलेजला १९५५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. पण त्या नावामागचा माणूस मला वहीमुळे कळला. १९१९ साली त्यांच्या सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघाले. १९४० मध्ये त्यांनी बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. मोटारीचा कारखाना मात्र सहजी होईना. सर विश्वेश्वरय्यांनी १९३५च्या सुमारास युरोप-अमेरिकेत फिरून त्याची योजना आखली होती, पण इंग्रज सरकारने साथ दिली नाही. शेवटी १९४४ मध्ये वालचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो या एकाच घरच्या तीन बहिणी. पत्रा आणि इंजिन जवळपास तेच, फक्त नाव आणि नक्षी वेगळी.

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघात झाला. १९५० मध्ये ते कारभारातून बाजूला झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला वारले. आमच्या शेडमधली डॉज त्यानंतरची. हे मी अण्णांना वाचून दाखवले. बराच वेळ ते गप्प होते. मग अडखळत म्हणाले, "मला माहीत होतं गं. पण तेव्हा नुसतं माहीत होतं."

दुसरी गाडी फियाट ११००, १९५६ची. मुंबईच्या लोकांनी तिच्या पुढे आलेल्या नाकाडावरून तिला 'डुक्कर फियाट' नाव ठेवले. आमच्या आईने हे नाव घरात कधीही उच्चारू दिले नाही, ती आजही 'नाकवाली' म्हणते. ही गाडी आपल्याकडे का बनू लागली, त्याला एक कारण आहे. स्वातंत्र्यापूर्वी जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला परदेशातून सुटे भाग आणून गाड्या जोडत असे. फोर्डचेही तसेच. १९५३ मध्ये सरकारने ठरवले, की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथेच बनवण्याचा आराखडा द्या. दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. ज्या थोड्या कंपन्या राहिल्या, त्यांत प्रीमियर होती. तिने इटलीच्या फियाटशी आधीच हात मिळवला होता आणि १९५४ पासून ११०० बाजारात आणली.

तिसरी लँडमास्टर, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ मध्ये स्थापन झाली. सुरुवातीचे काम गुजरातेत ओखा बंदरावर होते, नंतर कारखाना उत्तरपाड्याला गेला. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून १९५४ मध्ये लँडमास्टर आली आणि तिच्या पुढच्या आवृत्तीतून अ‍ॅम्बेसेडर. अ‍ॅम्बेसेडर २०१४च्या मे महिन्यापर्यंत निघत राहिली. आपल्या कितीतरी मैत्रिणींच्या लग्नात नवरदेवाची गाडी तीच होती.

चौथी स्टँडर्ड हेरल्ड, मद्रासची. १९६१ पासून तिथे बनू लागलेली, दोन दारांची, इटालियन कारागीर मिकेलोत्तीने रेखलेली देखणी बाहुली. २०१९च्या महापुरात शेडमध्ये कृष्णेचे पाणी शिरले आणि बाहुलीचा तळ सडला.

पाचवी आमची प्रीमियर पद्मिनी, १९७९ची. संग्रहातली म्हणून तिच्याकडे कोणी पाहिलेच नाही, ती घरचीच. कुंभोजला दर्शनाला जाताना मागे आम्ही चार भावंडे, पुढे आईच्या मांडीवर डब्यांची पिशवी. त्या काळी गाडीची नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि नंबर लागलेला माणूस गाडी मिळताच जास्त पैसे घेऊन दुसऱ्याला देई. अण्णांना ती १९८१ मध्ये अशाच एका डॉक्टरांकडून मिळाली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि रांगेचा तो जमाना हळूहळू संपला. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या तोंडाशी थांबले. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ मध्ये नोंदलेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली.

आता व्यवहाराचे. अण्णांच्या सांगण्यावरून मी माळ्यावरची लोखंडी ट्रंक उघडली. त्यात जुनी नोंदणी पुस्तके, कराच्या पावत्या आणि चोर बाजारातून आणलेल्या सुट्या भागांची बिले तारखेनुसार बांधून ठेवलेली होती. इंजिन आणि चासीचे क्रमांक पुस्तकाशी जुळवून पाहिले. डॉज आणि फियाटचे तंतोतंत जुळले. त्या दोघींच्या इतिहासाची टिपणे आणि बिलांच्या प्रती मी प्रत्येक गिऱ्हाइकापुढे ठेवल्या. दलालाने पाच गाड्यांचे मिळून जे सांगितले होते, त्याहून जास्त एकट्या डॉजचे आले. पुण्याच्या एका संग्राहकाने ती घेतली.

लँडमास्टरची गोष्ट उलटी झाली. डिझेल स्वस्त म्हणून तिच्या आधीच्या मालकाने मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले होते. त्या काळी असे सर्रास होई. भाऊ म्हणाला, कोण बघतंय? अण्णांनी डाव्या हाताने खूण करून वही मागितली आणि स्वतः वेड्यावाकड्या अक्षरात लिहिले, 'इंजिन बदललेले'. ते पान आम्ही गिऱ्हाइकाला दाखवले. पैसे कमी आले, पण नंतर कोणाचा फोन आला नाही.

मूळ रूपाला एवढे महत्त्व का, ते कायद्यातही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळा नियम केला. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, पण तिची खरेदी-विक्री करता येते. साधी नोंदणी असेल तर १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागते. ते राहिले असेल तर गिऱ्हाईक तेवढा भाव पाडते.

कराचे आधी विचारून घ्या. स्वतःच्या वापराची गाडी विकली तर तिच्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, असे आपण ऐकलेले असते. पण मुंबई उच्च न्यायालयासमोर असेच एक प्रकरण गेले होते. १९३१ची फोर्ड, १९८३ मध्ये २० हजारांना घेतलेली आणि पुढे २१ लाखांना विकलेली. न्यायालयाने म्हटले, की गाडी वापरण्याजोगी आहे एवढे पुरत नाही, ती खरोखर स्वतःसाठी वापरली याचा पुरावा हवा. मालक हरला. म्हणून आमची पेट्रोलची, विम्याची बिलेही ट्रंकेतून सीएकडे गेली.

आणि सह्या. गाड्या अण्णांच्या नावावर, म्हणजे विकण्याचा अधिकारही त्यांचाच. हस्तांतरणाचे नमुना २९ आणि ३० हे अर्ज मालकाच्या सहीचे असतात. वडील किंवा आई आजारी असतील तर त्यांची समज शाबूत आहे तोवरच मुखत्यारपत्र करून घ्या. स्मृतिभ्रंश बळावल्यावर केलेल्या कागदाला अर्थ उरत नाही. विक्रीचे पैसे आम्ही अण्णांच्याच खात्यात ठेवले. आईचे नाव सोबत आहे, आम्हा मुलांचे कोणाचे नाही.

या काळात काही बायकांनी मला समाधानाने सांगितले, "बरं झालं, परिग्रह सुटला." त्यांचा हेतू चांगला होता. पण परिग्रह आपण होऊन सोडणे वेगळे आणि औषधांसाठी सोडावा लागणे वेगळे. अण्णांनी काही त्याग केला नाही, त्यांचे नुकसान झाले. ते नुकसान आहे असे घरात मोकळेपणाने म्हटल्यावरच त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. उगीच पुण्याची झालर लावायला नको होती. आजारी माणसाला आपल्याला काय गमवावे लागतेय ते नीट ठाऊक असते.

कोणती आधी विकायची, ते त्यांनीच ठरवले. मला वाटले होते पद्मिनी शेवटपर्यंत राहील. त्यांनी क्रम सांगितला तो असा: डॉज, फियाट, लँडमास्टर, हेरल्ड, पद्मिनी. ज्यांचे जास्त येईल त्या आधी, म्हणजे सोयीने थांबता येईल. पण थांबता आले नाही, हिशेबात पाचवीही जावी लागली. पद्मिनीचे सर्वांत कमी आले आणि त्या दिवशी आईने सूर्यास्ताआधी ताट वाढले, पण स्वतः दोन घासच खाल्ले.

पाचही गाड्यांचे मिळून जे आले, त्यात साधारण तीन वर्षांची सेवा बसते. त्यापुढचे तेव्हा बघू. मैत्रिणींनो, तुमच्या घरीही कोणाची नाणी असतील, रेडिओ असतील, घड्याळे असतील. विकायची वेळ येवो न येवो, एक वही घ्या आणि विचारायला बसा. कुठून आणले, कितीला, कोणाकडून, काय बदलले, काय मूळचे आहे. तारीख घाला, बिले जोडा. दलालाशी बोलताना ती वही उपयोगी पडते. आणि दिवसभर नुसते औषध घेणाऱ्या माणसाला रोज अर्धा तास सांगण्यासारखे काही असते.

आमच्या वहीच्या मागच्या पानांवर आता खर्च लिहिला जातो. अण्णांच्या सांगण्यावरून प्रत्येक महिन्याच्या वर गाडीचे नाव घालते. रात्रीच्या मदतनीस मुलाला ते गमतीने सांगतात, "तुझा पगार सध्या डॉज देते." फियाटचा पहिला महिना श्रावणात लागेल.