९ सप्टेंबर : एक तारीख, पाच मुलं आणि बाकीचं जग

सकाळी साडेसहाच्या आत कुणीतरी काका ‘आजचा दिनविशेष’ ग्रुपवर टाकतातच. वर सूर्योदयाचा फोटो, खाली जन्म, मृत्यू, घटना. मी त्या यादीचा नियमित वाचक आहे. लोक तिला हसतात, पण मला ती आवडते. एकाच तारखेच्या दोरीवर माओ आणि मुंगी शेजारी शेजारी वाळत घातलेले असतात, आणि त्यात काही गैर आहे असं दोरीला वाटत नाही.

मी नंदुरबारचा. त्यामुळे माझी तारीख ठरलेली : ९ सप्टेंबर.

यादी काढली तर ती भरगच्च आहे. १९७६ साली याच दिवशी माओ गेला. २०१२ साली अमूलवाले वर्गीस कुरियन गेले. १९७४ साली कारगिलचे कॅप्टन विक्रम बात्रा जन्मले. १९४८ साली उत्तर कोरिया नावाचा देश जाहीर झाला. टॉल्स्टॉयचा जन्मही १८२८ च्या ९ सप्टेंबरचा, पण आपल्या कॅलेंडरने. त्यांच्या रशियात त्या दिवशी २८ ऑगस्ट होता.

तारीख ही इतकी पक्की वस्तू नाहीच मुळी. १७५२ साली ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी जुनं कॅलेंडर सोडून नवं घेतलं, तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १४ सप्टेंबर उजाडला. म्हणजे इंग्रजांच्या दप्तरी १७५२ सालचा ९ सप्टेंबर नाहीच. त्या दिवशी कुणी जन्मलं नाही, कुणी मेलं नाही, कुणाचा हप्ता थकला नाही.

तुमच्या हातातल्या फोनशी नातं असलेला एक किस्साही याच तारखेचा. १९४७ साली हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या खोलीभर पसरलेल्या संगणकात बिघाड झाला. शोधल्यावर एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला. तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि बाजूला लिहिलं की खराखुरा ‘बग’ सापडण्याची ही पहिलीच वेळ. पतंगासकट ते पान आज अमेरिकेच्या संग्रहालयात आहे. फॉरवर्डमध्ये मात्र हमखास लिहिलेलं असतं की ‘बग’ हा शब्द त्या दिवशी जन्मला. तसं नाही. यंत्रातल्या खोडीला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासूनची, आणि ती ठाऊक होती म्हणूनच त्या नोंदीत विनोद आहे.

आता १९४२. त्या वर्षीचा ९ सप्टेंबर बुधवार होता आणि पोळा तोंडावर आला होता. ९ ऑगस्टला पहाटे मुंबईत गांधीजींना आणि काँग्रेसच्या नेत्यांना पकडलं, त्याला त्या दिवशी बरोबर महिना झाला. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशातलं एक तालुक्याचं गाव. सुरत-भुसावळ रेल्वेवरचं, गुजरातच्या उंबऱ्यावरचं, व्यापाऱ्यांचं. शाळकरी मुलं झेंडा घेऊन मिरवणुकीने निघाली. पुढे होता शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता. जन्म २८ डिसेंबर १९२६, म्हणजे सोळा पूर्ण व्हायलाही साडेतीन महिने बाकी. घरची भाषा गुजराती, म्हणून घोषणाही गुजरातीत. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. १९६० साली राज्यांच्या रेघा आखल्या गेल्या आणि नंदुरबार महाराष्ट्रात आलं, पण त्या दिवशी माणिक चौकातल्या पोलिसांपुढे देशाची घोषणा झाली ती गुजरातीतून, आणि तिच्यासाठी मेलेल्यांत एक केतकर होता.

पोलिसांनी मिरवणूक अडवली. बंदुका मुलींच्या दिशेने वळल्या तेव्हा शिरीषकुमार पुढे झाला आणि मारायचं तर मला मारा म्हणाला, असं आमच्याकडे सांगितलं जातं. गोळीबार झाला. शिरीषकुमारबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा गेले.

ही पाच नावं मी मुद्दाम सुटी लिहिली. दिनविशेषात ओळ असते ती ‘शिरीषकुमार व त्याचे चार साथीदार हुतात्मा’. जागा वाचते हे खरं, पण दोरीवर माओसाठी जागा असते, पतंगासाठी असते, तर चार मुलांच्या नावांसाठी का नसावी? नंदुरबारात हे पाचही जण ‘बालहुतात्मे’ आहेत. दर ९ सप्टेंबरला स्मारकावर शाळांची मुलं येतात, फुलं वाहतात. त्यातली बरीचशी शिरीषकुमारच्याच वयाची असतात.

त्याच वर्षीच्या त्याच तारखेला जगाच्या दुसऱ्या टोकाला काय झालं ते मला खूप उशिरा, रात्री फोन चाळताना कळलं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापाशी एक जपानी पाणबुडी वर आली. तिच्यावरून घडीचे पंख असलेलं छोटं विमान उडालं. वैमानिक नोबुओ फुजिता. ऑरेगन राज्यातल्या ब्रुकिंग्ज गावाजवळच्या जंगलावर त्याने आग लावणारे बॉम्ब टाकले. जंगल पेटावं, वणवा शहरांपर्यंत जावा हा डाव. पण आधी पाऊस झाला होता, झाडं ओली होती, लागलेली छोटी आग वनरक्षकांनी विझवली. माणूस एकही मेला नाही. तिथे सकाळ होती, म्हणजे नंदुरबारात संध्याकाळ.

पुढची गोष्ट तर सिनेमात शोभेल अशी. १९६२ साली ब्रुकिंग्जच्या लोकांनी फुजितालाच पाहुणा म्हणून बोलावलं. तो घराण्यातली चारशे वर्षांची सामुराई तलवार घेऊन गेला. लोक चिडले तर त्याच तलवारीने स्वतःला संपवायचं असं त्याच्या मनात होतं. कुणी चिडलं नाही. त्याने तलवार गावाला भेट दिली, नंतर पुन्हा पुन्हा गेला, तिथे झाड लावलं. १९९७ मध्ये तो वारला.

ज्या हल्ल्यात कुणीच मेलं नाही त्याचं सगळं मिळतं : विमानाचा प्रकार, बॉम्बचं वजन, पावसाचा उल्लेख, वैमानिकाच्या मनातली भीतीसुद्धा. बॉम्ब पडला तिथवर जायला पायवाट आहे. माणिक चौकाबद्दल शोधलं की तीच तीन वाक्यं पंचवीस ठिकाणी सापडतात, एकमेकांवरून उतरवलेली. मला फुजिताचा हेवा वाटत नाही, ब्रुकिंग्जचा वाटतो. त्यांनी आपल्या गावच्या एका दिवसाची इतकी विचारपूस केली.

(फुजिताने दुसरा हल्ला केला २९ सप्टेंबरला. २०१० सालच्या २९ सप्टेंबरला आमच्या जिल्ह्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातली पहिली आधार कार्डं दिली गेली. संबंध शून्य. पण तारखांच्या नादी लागलं की असंच होतं.)

चौकातल्या घटनेची तीन वाक्यं तरी आहेत. शिरीषकुमार गेला त्यानंतर सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा २ मार्च १९४३ ला तळोदा भागात रावलापाणी इथे इंग्रजांच्या शिपायांनी आदिवासींवर गोळ्या झाडल्या. ती माणसं गुलाम महाराजांच्या ‘आप’ पंथाची. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, असं सांगणारे हे महाराज मोरवडचे. १९३८ मध्ये ते गेल्यावर भाऊ रामदास महाराजांनी काम पुढे नेलं. हजारो माणसं एका शब्दावर दारू सोडतात आणि एकत्र जमतात, याची सरकारला धास्ती वाटली.

नंदुरबार हा आदिवासी बहुसंख्येचा जिल्हा. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाला इथले रस्ते ढोल आणि पावरीने भरून जातात. त्याच जिल्ह्यातल्या माझ्या सहा ग्रुपांपैकी एकावरही २ मार्चच्या दिनविशेषात मी रावलापाणी वाचलेलं नाही. यंदा काकांना आदल्या रात्रीच मेसेज पाठवून ठेवणार आहे, सूर्योदयाच्या फोटोसकट.