यंत्रावरील खेळ आणि खेळणारांचा हक्क

विटीदांडूचे नियम गांवोगांव निराळे असतात. एका आळींत जें चालतें तें दुसऱ्या आळींत चालत नाहीं, आणि तसें कां, हें कोणी विचारीत नाहीं. कारण तो खेळ कोणा एकाच्या मालकीचा नाहीं. खेळणारीं मुलें हींच त्याचीं कर्तीं होत. संगणकावरील खेळांची गोष्ट वरवर पाहतां याच्या अगदीं उलट दिसते. ते कंपन्या तयार करतात, ते पैसे देऊन घ्यावे लागतात, आणि त्यांतील प्रत्येक नियम आज्ञावलींत आधींच लिहून ठेवलेला असतो. तथापि या खेळांचा साठ वर्षांचा इतिहास चाळला म्हणजे असें आढळून येतें कीं, त्यांतील जे दीर्घायुषी झाले त्यांपैकीं पुष्कळांवर खेळणारांचा हात फिरलेला आहे.

या इतिहासांतील एक आरंभींचें प्रकरण अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत घडलें. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीनें १९६१ सालीं त्या संस्थेस पीडीपी-१ नांवाचा संगणक दिला. त्याची किंमत सुमारें १,२०,००० डॉलर होती. आगगाडीच्या प्रतिकृतींचा छंद असलेल्या तेथील मंडळाभोंवतीं जमलेल्या तरुणांची दृष्टि त्याकडे वळली. दोन अवकाशयानांची लढाई पडद्यावर दाखवावयाची, असा त्यांनीं बेत केला. लिहिण्याचें मुख्य काम स्टीव्ह रसेल याच्याकडे होतें. पण तें तो पुढें ढकलीत राहिला. त्रिकोणमितीचें गणित करणारी आज्ञावली जवळ नाहीं, ही त्याची सबब होती. ॲलन कोटॉक यानें कंपनीकडून ती आज्ञावली आणून त्याच्यापुढें ठेवली, तेव्हां सबब संपली; आणि १९६२ सालीं 'स्पेसवॉर' हा खेळ उभा राहिला.

यापुढील भाग अधिक मनोरंजक आहे. रसेलनें मागें काढलेले तारे अंदाजानें विखुरलेले होते. पीटर सॅमसन यास तें रुचलें नाहीं. त्यानें खऱ्या आकाशाच्या नकाशावरून तारे मांडले. डॅन एडवर्ड्स यानें मधोमध एक सूर्य बसवून त्यास गुरुत्वाकर्षण दिलें. मार्टिन ग्रेट्झ यानें, संकटांत सांपडलेलें यान एकाएकीं अदृश्य होऊन भलत्याच ठिकाणीं प्रकट व्हावें, अशी सोय केली. यंत्रावरील खटके दाबतां दाबतां कोंपर दुखूं लागे, म्हणून कोटॉक व बॉब साँडर्स यांनीं हातांत धरावयाच्या पेट्या बनविल्या. यांपैकीं कोणीहि कोणाची परवानगी मागितली नाहीं. आज्ञावलीची छिद्रें पाडलेली कागदी पट्टी कोणासहि घेतां येई. तिच्या नकला इतर ठिकाणच्या यंत्रांवर पोंचल्या.

पुढें या खेळांचा व्यापार झाला आणि आज्ञावली ही गुप्त ठेवण्याची वस्तु बनली. असें असूनहि खेळणारांनीं आपली खोड सोडली नाहीं. इड सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीचा 'वुल्फेन्स्टाइन' हा खेळ १९९२ सालीं निघाला, तेव्हां कांहींनीं त्याच्या फायली उघडून आंतील चित्रें बदलून टाकलीं. दुसऱ्या एखाद्या कंपनीनें यावर कुलूप घातलें असतें. जॉन कारमॅक यानें उलट पुढच्या 'डूम' या खेळांत चित्रें, नकाशे व आवाज हें सारें मूळ आज्ञावलीपासून वेगळ्या फायलींत ठेवलें, कीं ज्यानें त्यानें तें सुखेनैव बदलावें. 'डूम' १९९३ च्या १० डिसेंबर रोजीं प्रसिद्ध झाला, आणि लौकरच खेळणारांनीं केलेले नवे नकाशे येऊं लागले. अशा फेरफारास 'मॉड' म्हणतात. १९९६ सालीं कंपनीनें अशा हौशी मंडळींचेच नकाशे 'फायनल डूम' या नांवानें विकावयास काढले, आणि १९९७ च्या डिसेंबरांत मूळ आज्ञावलीहि जगापुढें ठेवली. तीस वर्षांनंतरहि तो खेळ नव्या यंत्रांवर चालतो, त्याचें कारण हें.

औदार्यानें कंपन्या बुडाल्या, असेंहि नाहीं. मिन ले व जेस क्लिफ या दोघां तरुणांनीं 'हाफ-लाइफ' या खेळांत फेरफार करून १९९९ सालीं 'काउंटर-स्ट्राइक' रचला. मूळ खेळाच्या मालक व्हॉल्व्ह कंपनीनें तो २००० सालीं आपलासा केला, आणि पुढें तो तिच्या प्रमुख खेळांत गणला गेला.

अनेकांनीं दूर अंतरावरून एकत्र खेळावयाचें तर मध्यें एक संगणक लागतो. त्यास सर्व्हर म्हणतात. १९९६ सालच्या 'क्वेक' खेळांत सर्व्हर कोणासहि आपल्या यंत्रावर चालवितां येई. तालमीच्या वस्तादाप्रमाणें तो माणूस नियम ठरवी आणि दांडगाई करणारास बाहेर काढी. पुढें कित्येक कंपन्यांनीं सर्व्हर स्वतःच्याच हातीं ठेविला. लबाडी व फुकट्या नकला यांस आळा घालावयाचा, हें त्याचें कारण खोटें नव्हतें. परंतु त्यामुळें खेळाचा प्राण एका ठिकाणीं अडकला. ब्लिझर्ड कंपनीच्या खेळांसाठीं कांहीं हौशी मंडळींनीं स्वतंत्र सर्व्हर लिहिला, तेव्हां कंपनीनें २००२ सालीं दावा लावला, आणि २००५ सालीं अपील न्यायालयानेंहि निकाल त्या मंडळींच्या विरुद्धच दिला.

याचे परिणाम दोन उदाहरणांत दिसतात. २००४ सालीं सुरू झालेला 'सिटी ऑफ हीरोज' हा खेळ कोरियाच्या एनसीसॉफ्ट कंपनीनें ३० नोव्हेंबर २०१२ रोजीं बंद केला. कांहीं खेळणारांनीं त्याचा सर्व्हर कित्येक वर्षें गुप्तपणें चालविला. २०१९ सालीं हें उघडकीस आलें. पण याचा शेवट खटल्यांत न होतां, जानेवारी २०२४ मध्यें 'होमकमिंग' या खेळणारांच्या मंडळास कंपनीनें रीतसर परवाना दिला. दुसरें उदाहरण 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या खेळाचें. यूबिसॉफ्ट कंपनीनें त्याचा सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजीं बंद केला, आणि ज्यांनीं पैसे मोजून तो घेतला होता त्यांस एकट्यानेंहि खेळणें अशक्य झालें. यांतूनच युरोपांत मोठी चळवळ उभी राहिली. २०२५ सालीं तिच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कंपनीनें सर्व्हर सदैव चालवावा, असें तिचें म्हणणें नाहीं. निरोप घेतांना खेळ खेळतां येईल अशा स्थितींत ठेवावा, इतकेंच मागणें आहे.

पैसे देऊन घेतलेलें पुस्तक प्रकाशकाचें दुकान बंद झालें म्हणून घरांतून नाहींसें होत नाहीं. तोच न्याय खेळास कां नसावा, हा त्या मागण्यामागचा प्रश्न आहे. 'स्पेसवॉर' मात्र अजून जिवंत आहे. कॅलिफोर्नियांतील माउंटन व्ह्यू येथील संगणक-संग्रहालयांत पीडीपी-१ दुरुस्त करून ठेवला आहे, आणि सॅमसननें मांडलेल्या ताऱ्यांखालीं तीं दोन यानें आजहि एकमेकांचा पाठलाग करतात.