वृद्धांचा छळ व भय, रत्नागिरी जिल्ह्यातील

वृद्धांचा छळ आणि गुन्ह्यांचे भय यांचा प्रकृतीवर होणारा परिणाम हा वैद्यकातील तुलनेने नवा अभ्यासविषय होय. ब्रिटिश वैद्यक नियतकालिकांनी घरात होणाऱ्या मारहाणीकडे लक्ष वेधले ते १९७५ मध्ये. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र या प्रश्नाची पार्श्वभूमी त्याहून जुनी आहे. १८५४ नंतर मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या व येथील तरुण गिरणगावाकडे जाऊ लागले. मागे राहिलेले आईवडील, स्त्रिया व मुले भातशेती आणि मनीऑर्डर यांवर गुजराण करीत. पुढे चाकरमान्यांची कुटुंबेही मुंबईस स्थायिक झाली आणि वाड्यांमधील कित्येक घरांत केवळ वृद्ध उरले. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ पर्यंत घटली.

बागांतून विखुरलेल्या अशा घरांत रात्री चोराचिलटांची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. सततच्या भयाने झोप उडते, रक्तदाब वाढतो. बाहेर पडणे टाळल्याने स्नायू दुर्बल होतात व औषधोपचारही खंडित होतात. तथापि वृद्धांचा छळ बहुधा अनोळखी चोराकडून नव्हे, तर आप्तांकडूनच होतो. अपमान, उपासमार, औषधाची टाळाटाळ, जमिनीच्या कागदांवर सह्या घेणे हे प्रकार क्वचितच तक्रारीपर्यंत पोहोचतात. मुलाची अब्रू जाईल या विचाराने आईवडील गप्प राहतात. हे मौन प्रकृतीस घातक ठरते. अमेरिकेतील न्यू हेवन येथे १९८२ पासून २,८१२ वृद्धांची पाहणी करण्यात आली. तेरा वर्षांअखेर छळाची नोंद झालेल्यांपैकी केवळ ९ टक्के हयात होते. छळ वा स्वतःची हेळसांड यांची नोंद नसलेल्यांत हे प्रमाण ४० टक्के होते. इतर आजार हिशेबात धरूनही हा फरक टिकून राहिला.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने मातापित्यांस निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला. २००७ च्या केंद्रीय अधिनियमाने त्यासाठी न्यायाधिकरणे स्थापिली. सांभाळाच्या अटीवर केलेले बक्षीसपत्र ती अट मोडल्यास त्याच्या कलम २३ अन्वये रद्द ठरविता येते. कोकणात सातबाऱ्यावर अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात. तेथे बक्षीसपत्राविनाही वृद्धास घरात परके करता येत असल्याने या कलमाचा उपयोग मर्यादित राहतो. शिवाय न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्याकडे असल्याने दूरच्या वाडीतील एकट्या, आजारी अर्जदारास तेथवर खेपा घालणे अवघड जाते.