ओळीमागे एक पेनी

इंग्रजीतले घासून गुळगुळीत झालेले वाक्प्रचार आळशी लेखणीतून येतात, असं सरसकट मानलं जातं. इतिहास मात्र वेगळं सांगतो. सोळाव्या शतकात दुसऱ्याचा वाक्प्रचार वापरणं हे विद्वत्तेचं लक्षण होतं. इरॅस्मसने 1500 मध्ये जुन्या म्हणींचा लॅटिन संग्रह छापला. आठशेच्या घरातल्या त्या म्हणी त्याच्या हयातीतच चार हजारांवर गेल्या. आज कंटाळा आणणाऱ्या 'लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड'चं मूळही त्या संग्रहात सापडतं. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेसाठी 1512 मध्ये दिलेल्या पुस्तकात त्याने 'तुमच्या पत्राने फार आनंद झाला' हे एकच वाक्य शंभरावर तऱ्हांनी फिरवून दाखवलं. मुलं असे प्रयोग वहीत उतरवून घेत आणि आपल्या लेखनात पेरत. त्याला कुणी उष्टं म्हणत नसे.

हा गुण दोष ठरला तो, माझ्या मते, वर्तमानपत्र स्वस्त झाल्यावर. 1855 मध्ये ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांवरचा मुद्रांक कर उठला आणि त्याच वर्षी 'डेली टेलिग्राफ' एका पेनीला मिळू लागला. पानं भरायला ओळीवर पैसे घेणारे बातमीदार होतेच. त्यांना 'पेनी-अ-लायनर' म्हणत. नुसतं 'आग लागली' लिहून त्यांचं भागत नसे, म्हणून आगीचं 'डिव्हाउरिंग एलिमेंट', सर्वभक्षक तत्त्व, व्हायचं. शब्द लांबला की ओळ भरे. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे; तो मजुरीचा दर होता. यावर कुणी म्हणेल, स्विफ्टने तर 1738 मध्येच साचेबंद बोलण्याची टर उडवली होती. खरं आहे, पण ती दिवाणखान्यातल्या मोजक्या रिकामटेकड्यांची बोली होती. पेनीच्या अंकाने तोच शब्द एकाच सकाळी हजारो घरांत नेला.

ऑर्वेलने 1946 मधल्या इंग्रजी लेखनावरच्या निबंधात घालून दिलेला पहिला नियमही छापात वारंवार दिसणाऱ्या रूपकांविरुद्धच आहे. तयार शब्द वाचकाला चटकन कळतात, हा आक्षेप त्याला लागू पडत नाही, कारण पूर्ण मेलेली रूपकं त्याने साधे शब्द म्हणून मान्यच केली होती. त्याचा राग अर्धमेल्यांवर होता आणि नमुन्याला घेतलेल्या पाच उताऱ्यांपैकी दोन प्राध्यापकांचे होते. ओळीमागे पैसे मिळत नसतानाही सवय उरली होती. 'टो द लाइन' म्हणजे रेषेला पायाची बोटं टेकवून उभं राहणं. लोक त्यातला पहिला शब्द 'ओढणे' या अर्थाच्या स्पेलिंगने लिहितात, हे त्याने नोंदवलं. लिहिणाऱ्याला पायही दिसत नव्हते आणि रेषाही.